भिंतीपलीकडच्या मावशींची तालीम

मला आजवर जेवढे धक्के बसले त्यांतले निम्मे माझ्या निकालांनी दिले आणि उरलेले सगळे भिंतीपलीकडच्या मावशींनी. निकालांचं समजण्यासारखं आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील फॅक्टरीत मजूर, आई सही करते तीही मी शिकवलेली, तेव्हा मी पास झाले की घरात आनंदाआधी धक्काच बसायचा. मावशींची गोष्ट वेगळी होती. स्वतःच्या अंत्यविधीची तालीम घेणारी, त्या तालमीला स्वतः वेळेवर हजर राहणारी आणि तालीम संपल्यावर डोळे पुसणाऱ्यांना आल्याचा चहा करून देणारी बाई जबलपुरात काय, नर्मदेच्या दोन्ही तीरांवर दुसरी झाली नसेल, हे मी लिहून द्यायला तयार आहे.

चेरीतालला आमची दोन खोल्यांची घरं एकमेकांना चिकटून आहेत. मधली भिंत एका विटेची. इकडे आम्ही, तिकडे मावशी आणि रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले काका. पहाटे साडेपाचला दोन गोष्टी न चुकता यायच्या, नळ आणि मावशींचा सूर. गॅसवर दूध चढवलं की मावशी डोळे मिटून एकच सूर लावायच्या, लांब, सरळ, एकही टाका न चुकलेल्या शिवणीसारखा. शब्द नाही, चाल नाही, नुसता सूर. मी गोधडीत डोकं खुपसून पडलेली असायची. मला लहानपणी वाटायचं की तो सूर भिंतीच्या दोन्ही बाजूंनी येतो. भिंतच एवढी पातळ, आपल्याकडचं काय अन् त्यांच्याकडचं काय, असं म्हणून मी कूस बदलायची. मधूनच भिंतीवर दोनदा टकटक व्हायची. ती मला, म्हणजे अजून झोपलेल्या आळशी मुलीला, आहे असं मी धरून चालले होते आणि त्याचा मनातून रागही धरला होता.

मावशींच्या चर्चमध्ये प्रार्थना हिंदीत चालायची. पण मावशींनी आपल्या वडिलांकडून आलेली मराठी गाणी तिथे अशी रुजवली होती की गायक मंडळीतले हिंदीवाले, तमिळवाले, एक छत्तीसगढी नर्स, सगळे मराठीत गायचे. शनिवारी संध्याकाळी मावशींच्या पुढच्या खोलीत तालीम. निम्मा वेळ ‘ळ’ शिकवण्यात जायचा. “जीभ उलटी करो भैया, वर लावा, वर. बाळ म्हणा. बाल नाही, बाल डोक्यावर असतात.” पेटी किंवा कीबोर्ड त्यांना चालत नसे. चर्चच्या जुन्या ऑर्गनमध्ये उंदरांनी घर केलं होतं आणि नवीन कीबोर्ड एका नाताळला लाइट गेल्यावर अर्ध्या गाण्यात मुका झाला होता. तेव्हापासून मावशींनी त्याच्याकडे पाठ फिरवली. त्या स्वतः पहिला सूर द्यायच्या, अकरा जण तो उचलायचे आणि गाणं चालू व्हायचं. त्या सुराला काही नाव नव्हतं. कोणी काळी चार, पांढरी पाच असलं काही म्हणायचं नाही. सगळे ‘मावशींचा सूर’ म्हणायचे आणि तेवढं पुरायचं.

मावशी माणसं आवाजावरून ओळखायच्या. नाव विसरायच्या, आवाज नाही. आई अमावास्येला ग्वारीघाटला स्नानाला जायची तेव्हा मावशीही सोबत यायच्या. आई डुबकी मारायची आणि मावशी पायरीवर तिचे कपडे सांभाळत नाववाल्यांच्या हाका ऐकत बसायच्या. एकदा एका नाववाल्याला त्यांनी बोलावून सांगितलं, “भैया, आपकी आवाज़ बेस है. नाव में बर्बाद हो रही है.” बेस म्हणजे मंडळीत सगळ्यात खालून गाणारा जाड आवाज, पण तो बिचारा दिवसभर आपली नाव कुठे गळते ते तपासत होता. आपल्या मुलीचं लग्नही त्यांनी असंच जमवलं. चांगली दोन स्थळं आलेली, एक बँकेतलं, एक भोपाळचं सरकारी. मावशींनी दोघांना चहा पाजला, एक-एक ओळ गायला लावली आणि नाही सांगितलं. तिसरा मुलगा आला तो साधा, एका दुकानात हिशेब लिहिणारा. त्यानं तोंड उघडलं आणि खोलीतली भांडी थरथरली. काकांनी हळूच विचारलं, “अगं, पण नोकरी?” मावशी म्हणाल्या, “नोकरी काय, मिळून जाते. बेस नाही मिळत.” जावई सोन्यासारखा निघाला ही वेगळी गोष्ट. पुण्याला राहणाऱ्या त्यांच्या मुलाचा रविवारी फोन आला की आधी त्याला एक कडवं गावं लागायचं, मग तब्येतीची चौकशी. आवाजावरूनच त्या सांगायच्या, “सर्दी आहे तुला. सुनेशी भांडलास का?” दोन्ही खरं असायचं.

गुरुवार हा सरकारी दवाखान्याचा. सकाळी मोठ्या पातेल्यात खिचडी, दुपारी वाटप. मी बी.ए. झाले त्याच आठवड्यात मावशींनी मला जुंपलं. मी पेढे घेऊन गेले होते. एक पेढा तोंडात टाकून म्हणाल्या, “छान झालं. आता गुरुवारी चल. लोकांजवळ फॉर्म असतात, भरायला कोणी नसतं. तुझं शिकणं घरात ठेवून काय लोणचं घालायचं?” मला ते लागलं, कारण मी त्या आठवड्यात स्वतःला बरीच मोठी समजत होते. पण गेले. आणि पुढे सगळ्या वॉर्डात मावशी मला “ये हमारी ग्रॅज्युएट है” म्हणून अशा दाखवायच्या की जणू मला त्यांनीच वाढवून, शिजवून आणलं आहे.

दवाखान्यातलं त्यांचं दुसरं काम मला आधी ठाऊक नव्हतं. ज्याचं आता फार राहिलं नाही आणि ज्याच्या उशाशी कोणी नाही, त्याच्याजवळ बसून मावशी हळू आवाजात निरोपाचं गाणं म्हणायच्या. जातपात, धर्म विचारायच्या नाहीत. फक्त डोळ्यांनी विचारायच्या, म्हणू का, आणि त्यानं मान हलवली तर म्हणायच्या. एकदा वॉर्डातल्या नर्सनं सांगितलं, बारा नंबर जाण्यातला आहे. मावशी चष्मा घरी विसरलेल्या. त्या अकरा नंबरजवळ बसल्या. तो मोटरसायकलवरून पडून पाय मोडलेला तिशीतला माणूस. मावशींनी डोळ्यांनी विचारलं, त्यानं शिष्टाचार म्हणून मान हलवली. पहिलं कडवं त्यानं आनंदानं ऐकलं. दुसऱ्या कडव्याला त्यानं मला विचारलं, “दीदी, ये कौन सा गाना है?” मी शिकलेली, खोटं बोलायची सवय नाही. मी सांगितलं. तो माणूस प्लास्टरसकट पलंगावरून उतरला आणि डॉक्टरांना बोलवा, माझ्यापासून काय लपवून राहिले ते सांगा, असं म्हणत दरवाजापर्यंत गेला. मावशी शांत. “बघ, चालता झाला,” एवढंच म्हणाल्या आणि बारा नंबरकडे सरकल्या.

त्याच दिवशी नळाखाली खिचडीचं पातेलं घासता घासता मी त्यांना म्हटलं, “मावशी, हे जाणाऱ्यांजवळ बसणं तुम्हाला जड नाही जात?” त्या घासतच राहिल्या. मग म्हणाल्या, “माझी आई बिनागाण्याची गेली. मी अकरा वर्षांची. नदीला पूर, पाद्री येऊ शकला नाही, गावात ख्रिस्ती आमचं एकच घर. चार लोकांनी माती दिली. बाबा म्हणाले, तू म्हण, तुला तर येते. मला गाणं सगळं पाठ होतं. पण पहिला सूर आलाच नाही. तोंड उघडून उभी राहिली, सूर नाही. तशीच गेली ती.” पातेलं उपडं घालून त्यांनी हात पुसले. “कोणी बिनागाण्याचं जाऊ नये. बस, एवढंच. आणि मी तर बिलकुल नाही जाणार.”

त्या तसं बोलल्या आणि मी विसरले. त्या विसरल्या नव्हत्या. पुढच्या महिन्यात मी कॉलेजातून घरी आले, तेव्हा एम.ए. चालू होतं, तर गल्लीत शिरतानाच निरोपाचं गाणं ऐकू आलं. अकरा गळ्यांतून. मावशींच्या दारात चपलांचा ढीग. मी धावत आत गेले. पुढच्या खोलीच्या मधोमध खुर्चीवर मावशी बसल्या होत्या, डोळे मिटलेले, हात छातीवर, मानेपर्यंत पांढरी चादर. भोवती सगळी मंडळी गात होती, छत्तीसगढी नर्स रडत होती. मी दाराला धरून खाली बसले. तेवढ्यात मढं बोललं. “थांबा. टेनरवाले, तुम्ही घाई करून राहिले. मी काय गाडी पकडायला चालली?” मग एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. “काहून बसली खाली? ये, एक ऐकणारं पाहिजेच होतं. सांग, मागं बसलेल्याला शब्द समजते का?”

तेव्हापासून वर्षातून दोनदा ही तालीम व्हायची. चादर अंगावर, डोळे मिटलेले, आणि चादरीतूनच मावशी सूर द्यायच्या. मंडळी उचलायची. वाद्य नको, नुसते गळे पाहिजेत, अशी त्यांची अट. तिसऱ्या तालमीपर्यंत कोणी रडेनासं झालं, चौथ्या तालमीला काका घोरत होते. शेवटच्या दिवसाचा पोशाखही तयार होता. गोहलपुरच्या ज्या टेलरकडे मंडळीचे पांढरे झगे शिवायचे, त्याच्याकडेच मावशींनी कापड दिलं. मी सोबत होते. टेलरनं माप घेत विचारलं, “आंटीजी, किस मौके के लिए?” मावशी म्हणाल्या, “आख़िरी. फिटिंग ढीली रखना भैया, लेटना है.” टेलरच्या हातातली टेप खाली पडली. त्यानं शिलाई घ्यायला नकार दिला. मावशींनी त्याला रागावून घ्यायला लावली, कारण फुकटचा कपडा घालून त्यांना वर जायचं नव्हतं.

इतकी तयारी. अकरा गाणारे, एक पाद्री, घरचे सगळे आणि एम.ए. झालेली मी. आम्हा कोणाच्याही डोक्यात एक साधी गोष्ट कधी आली नाही. मावशींच्याही आली नसावी.

गेल्या वर्षी थंडीत, एका दुपारी, मी ऑफिसात होते. आता मी नोकरी करते, टेबलाला माझ्या नावाची पाटी आहे. आईचा फोन आला. “मावशी गेल्या.” मी फायलीतून डोकं न काढता विचारलं, “आज तालीम आहे का?” पलीकडे आईनं नाक ओढलं. मग म्हणाली, “आज गुरुवार आहे, बाई.” तालीम शनिवारी असते. गुरुवार खिचडीचा. खिचडी वाटून आल्या, जरा पडते म्हणाल्या, काकांनी चहाला उठवलं तर उठल्या नाहीत. मी घरी पोचले तेव्हा गल्लीतल्या अर्ध्या लोकांना खरं वाटत नव्हतं. दूधवाला दारात उभा राहून म्हणत होता, “देखना, अभी एक आँख खोलेंगी.” मीही, लाज वाटते सांगायला, त्यांच्या डोळ्यांकडे बराच वेळ बघत बसले.

दुसऱ्या दिवशी चर्च भरलं होतं. दवाखान्यातल्या नर्सा, वॉर्डबॉय, ग्वारीघाटचा तो नाववाला, गोहलपुरचा टेलर. पुण्याहून मुलगा आला होता. आई नेहमीसारखी चपला बाहेर काढून अगदी मागे, दाराशी उभी होती. कितीही सांगितलं तरी ती चर्चमध्ये चपला घालून येत नसे आणि बाकावरही बसत नसे. मी पुढे, काकांच्या बाजूला. शवपेटी ठेवली होती तशीच मधोमध, जशी तालमीत खुर्ची असायची. प्रार्थना झाली. पाद्रींनी मान हलवली. मंडळी उभी राहिली, पांढरे झगे, हातात वह्या. जावई मध्ये. सगळ्यांनी श्वास घेतला, सवयीनं पेटीकडे पाहिलं आणि थांबले.

थांबूनच राहिले.

मला आधी कळलं नाही. वाटलं, गळे दाटले असतील. मग कळलं. ते सुराची वाट बघत होते. प्रत्येक तालमीत सूर खुर्चीतून यायचा. आजही ते तिकडूनच यायची वाट बघत होते. अकरा तोंडं उघडी आणि चर्चमध्ये पंख्याचा आवाज. नर्सनं फोनवर सूर लावायला फोन काढला, बाजूचीनं विचारलं, “पट्टी कौन सी?” आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, कारण त्या सुराला नावच नव्हतं. जावयानं हिंमत केली. काहीतरी खोल, चुकीचं निघालं, ते त्यालाही समजलं, तो थांबला आणि त्यानं वहीनं तोंड झाकलं. पाद्री खोकले. मुलगा उठून उभा राहिला आणि तसाच उभा राहिला. मला पातेलं घासणारे हात दिसले. पूर, चार लोक, तोंड उघडून उभी असलेली अकरा वर्षांची पोर. ज्या एका गोष्टीला ही बाई जन्मभर घाबरली ती आमच्या डोळ्यांसमोर होत होती, इतक्या तयारीनिशी, धुतलेले झगे घालून. मी हॉस्पिटलचे शेकडो फॉर्म भरले आहेत, दोन पदव्या आहेत माझ्याकडे, आणि लहानपणापासून रोज ऐकलेला एक सूर मला आठवत नव्हता. काका माझ्या हातावर बोटं दाबून हळूच म्हणाले, “बेटा, म्हण ना काही.”

आणि मागून सूर आला.

लांब, सरळ, एकच. मी मान वळवली. दाराशी, पदर तोंडावर घट्ट धरून, डोळे मिटून माझी आई उभी होती. जिला मी जन्मात पाळणा सोडून काही गाताना पाहिलं नव्हतं. जी हळदीकुंकवाला उखाणा घे म्हटलं की मोरीत जाऊन लपते. ती माझी आई मावशींचा सूर देत होती, एक केस इकडे नाही, एक केस तिकडे नाही. मंडळीनं मागे वळूनही पाहिलं नाही. त्यांनी तो उचलला, आणि गाणं चालू झालं. सगळी कडवी झाली. ‘ळ’ सगळ्यांचे बरोबर आले. टेनरवाल्यांनी शेवटी घाई केलीच.

परतताना ऑटोत आम्ही दोघीच होतो. मी बराच वेळ तिच्याकडे बघत होते, ती बाहेर बघत होती. शेवटी मी विचारलं, “आई, तुला कसा येतो तो सूर?”

“कसा म्हणजे? रोज तर येऊन राहिला. नळासोबत.”

“आणि तू?”

“मी बी लावत होती. इकडून. हंडा भरेपर्यंत.” मग जरा हसली. “घसरला की पलीकडून ताई भिंत ठोकत. दोनदा ठोकलं की समजायचं, खाली गेला.”

इतकी वर्षं मी त्या टकटकीचा राग धरून होते आणि ती माझ्यासाठी नव्हतीच. “मला कधी सांगितलं नाहीस,” मी म्हटलं.

“तू विचारलं काहून नाही?” आई म्हणाली. “तू तर शिकलेली.”

आता शनिवारची तालीम जावई घेतो. तो दर वेळी आधी आमच्या दारात येतो, “आंटीजी, ज़रा” म्हणतो, आई ओल्या हातानं मावशींच्या उंबरठ्यापर्यंत जाते, सूर देते आणि परत कणीक मळायला येते. आत जाऊन बसायला मात्र तयार नाही. गुरुवारी मी रजा टाकून फॉर्म भरायला जाते, खिचडी मावशींची मुलगी करते, काका पातेलं धरतात. काका अजून भिंतीपलीकडेच आहेत, पुण्याला गेले नाहीत.

पहाटे साडेपाचला मीही जागी असते आता. नळ येतो, हंड्यात धार पडायला लागते आणि आई सूर लावते. मग मध्येच थांबते. नळ जरा बारीक करते आणि भिंतीकडे कान देऊन उभी राहते. तिचा सूर बरोबर होता की खाली गेला, मला सांगता येत नाही. म्हणून मी भिंत ठोकत नाही. ती थोडा वेळ तशीच थांबते, मग नळ परत मोठा करते.